गल्ल्यात ‘लाखी’ सापडलं, ग्रेडिंगला पाठवू का?

शहापूरचा_गल्लेवाला (धागाकर्ता)

आमचं बेळगावच्या शहापुरात किराणा दुकान आहे. रात्री शटर अर्धं ओढलं की मी गल्ला पोत्यावर उपडा करतो आणि एकेक नाणं उलटंपालटं करत बसतो. चार वर्षं झाली ह्या नादाला. आतून आवाज येतो, "तांदळातले खडे निवडा त्यापेक्षा, गिऱ्हाईक तरी दुवा देईल." खरं हात थांबत नाही. (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या मंडळींनी गोंधळू नये.)

आधी हिशेब सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. चार वर्षांत ठेवण्यासारखं जे मिळालं ते शेवयांच्या एका डब्यात मावतं. शिवाजी महाराजांचे दोन रुपये, १९९९ चे, अकरा नग. बसवेश्वरांचे पाच रुपये, २००६ चे, सात. ज्ञानेश्वर माउलींचा रुपया दोन, तुकोबांचे दोन रुपये एकच, टिळकांचे पाच (२००७) तीन. १९८५ चा एक रुपया, सालाखाली बारीक इंग्रजी एच. बाकी सगळं परत गल्ल्यात.

आता मुद्दा. सौंदत्तीची पौर्णिमा झाली की आठ-दहा दिवस आमच्याकडे नाणी पिवळी येतात. यल्लम्माच्या डोंगरावरनं आलेल्या माणसाच्या खिशात, पिशवीत, कानामागं सगळीकडं भंडारा. त्यातच दोन रुपयांचं एक नाणं आलं, जुनं अकरा कोनांचं. एका बाजूला अशोकस्तंभ, नेहमीसारखा. उलटं केलं तर भारताचा नकाशा नाहीच! तिथंही स्तंभच, खरं आत गेलेला, साच्यासारखा. ‘भारत’ उलटं, आरशात बघितल्यागत. बोट फिरवलं तर खड्डा लागतो. साल कुठंच नाही, कारण साल नकाशाच्या बाजूला असतं.

ओळखीचा एकजण म्हणाला ‘लाखी’ आहे, सोडू नको. दुसरा म्हणाला अमेरिकेला पाठवून ग्रेड करून आण (तिकडं नाणं तपासून किती झिजलंय त्याचा आकडा देतात), मग बघ भाव. फोटो टाकलेत. काय करू?

निपाणीची_चिमूट

अभिनंदन! लाखी म्हणजे लाखाचं का? मग आमची पार्टी संकेश्वरला, ठिकाण मी ठरवते.

टांकसाळ

लाखाचं नव्हे, ‘लाखात एक’ म्हणून लाखी, असं जुने संग्राहक सांगतात. इंग्रजीत ब्रॉकेज. होतं असं: ठशाखाली एक नाणं उमटतं आणि बाहेर न पडता वरच्या किंवा खालच्या ठशाला चिकटून राहतं. पुढचा कोरा चकता आत येतो. त्याच्या एका अंगाला खरा ठसा, दुसऱ्या अंगाला ते चिकटलेलं नाणं. म्हणून एकीकडे चित्र उठावाचं आणि दुसरीकडे तेच चित्र खोलगट व उलटं.

पण खोटी लाखीही पुष्कळ फिरतात. दोन नाणी शिकंज्यात धरून दाबली की एकाचा ठसा दुसऱ्यावर उठतो. तेव्हा तीन गोष्टी बघा.

खोलगट बाजूवर मूळच्या नकाशाची एखादी रेघ, अक्षराचा शेपूट राहिलाय का? राहिला असेल तर दाबलेलं. खऱ्यात नकाशा तिथं कधी उमटलेलाच नसतो.

उठावाची बाजू चपटी झालीय का? शिकंज्यात ती चेपते. खऱ्यात सिंहाची आयाळ जशी असायला हवी तशी असते.

आणि वजन. त्या अकरा कोनी तांबे-निकेलच्या नाण्याचं वजन ६ ग्रॅम. सोनाराकडच्या काट्यावर टाका. कडेला बारीक सांधा दिसला तर जादूगाराचं नाणं, दोन अर्धुकं जोडलेलं.

साल कळणार नाही. ह्या घडणीची नाणी १९९२ ते २००४, एवढंच लेबलवर येऊ शकतं. टांकसाळीची खूणही सालाखाली असते, म्हणजे तीही गेली.

कंडक्टर_मामा

मी २२ वर्षं बॅग गळ्यात घालून फिरलोय, बेळगाव-खानापूर, बेळगाव-चिक्कोडी. मला विचारा की चिल्लर म्हणजे काय ते! आधी दिवसाला बॅग फाटायची. आता शक्ती योजना आल्यापासनं (२०२३ चा जून) बायकांचं तिकीट शून्याचं, उरलेले फोन दाखवूलाले. नाणं बघायला मिळेना झालंय.

आणि दहाचं नाणं. आमच्या लायनीवर एक काळ असा होता की प्रवासी घेईना, दुकानदार घेईना, हॉटेलवाला तर हातच लावीना. "नकली है" म्हणायचे. कोल्हापूरकडनं आलेला माणूस दहाची नाणी देऊन बसायचा, आणि मी ती कुणाला द्यायची? डेपोत भरताना माझीच ओरड. रिझर्व्ह बँकेनं २०१८ च्या जानेवारीत सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत, सगळे चालतात. खरं ते पत्रक मी काय बसमध्ये वाचून दाखवू?

माझ्याकडं पण दोन-चार आहेत. एक पाच रुपये जाडं, त्याची मधली चकती सरकलीय.

टांकसाळ

मामा, जाड्या पाचाला मधली चकती नसते, ते एकाच धातूचं. दहाचं असेल, किंवा ठसा सरकलेला असेल. फोटो टाका.

कंडक्टर_मामा

दहाचंच हाय. चष्मा नव्हता.

पुणेरी_भिंग

धागाकर्ते, तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. अस्सल वाटतंय, शिकंज्याचं नाही. पण स्तंभाच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक समांतर ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेनं. आणि चकाकी मेलेली, भांड्यासारखी. शिवाय भंडारा कुठे गेला? तुम्ही म्हणालात पिवळं होतं. नाणं धुतलंय का?

शहापूरचा_गल्लेवाला

पकडलंत. मी नाही धुतलं, आईनं.

त्या रात्री देवघरात ठेवलं होतं, यल्लम्माकडनं आलेलं म्हणून. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आई देवाची उपकरणी घासायला बसली: समई, पळी, ताम्हन, आणि त्यात हे. चिंच, मीठ, वर चुलीतली राख. मी दुकानातनं आलो तर देव्हाऱ्यात नाणं असं चमकत होतं की मला आधी आनंदच झाला. आई म्हणाली, "बघ, कसं काळवंडलं होतं."

आता तिला काय सांगू? पंच्याहत्तरीची बाई.

पुणेरी_भिंग

आईंना काही सांगू नका. पण ग्रेडिंगचं गणित आता बदललं.

ही पट्टी १ ते ७० ची असते. शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली. कल्पना साधी व्यापारी होती: अगदी झिजलेल्या नाण्याला एक डॉलर धरला तर निर्दोष नाण्याला सत्तर. भावाचं ते गणित कधीच मोडलं, आकडे राहिले. साठच्या पुढे म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेलं, त्याला एयू म्हणतात. गल्ल्यातलं नाणं म्हणजे साधारण वीस ते पंचेचाळीस, फारच नशीब असेल तर एयू.

पण घासलेल्या नाण्याला आकडाच मिळत नाही. लेबलवर येतं ‘डिटेल्स’ आणि पुढे कारण, ‘क्लीन्ड’. म्हणजे तपशील चांगले, पण पृष्ठभाग गेला. अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्यांपैकी पीसीजीएस (१९८६ पासून) असो की एनजीसी (१९८७), दोघांचा नियम हाच. झीज माफ आहे, घासणं माफ नाही. आपल्याकडच्या माणसाला हे उलटं वाटतं. मळकट वस्तू पाहुण्यापुढे ठेवायची कशी, हा आपला संस्कार!

भंडाऱ्यासाठी पुढच्या वेळी शुद्ध ॲसिटोन, काचेच्या वाटीत, उघड्या हवेत, गॅसपासून लांब. हळद आणि तेल त्यात सुटतं, धातूला काही होत नाही. नाणं नुसतं बुडवून ठेवायचं, कापडानं पुसायचं नाही. नेलपॉलिशचं रिमूव्हर चालणार नाही, त्यात सुगंध, तेल, काय काय असतं.

खानापूरची_माई

मी वाचनमात्र असते, पण राहवेना. सासूबाईंच्या पेटीत दोन वस्तू आहेत. एक तांब्याचा जाड पैसा, ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपती’. आणि एक चांदीचा रुपया, पंचम जॉर्ज, १९११. जाऊबाई म्हणतात शिवरायांच्या हातचं नाणं आहे, कोट्यवधी येतील. ग्रेडिंगला पाठवायचं असेल तर कसं पाठवतात?

टांकसाळ

माई, आधी शिवराई, म्हणजे तुमचा तो तांब्याचा पैसा. शिवराई ही महाराजांनंतरही खूप वर्षं पडत राहिली, पेशवाईतही. अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी शिवराई, पेशवेकाळातली. आपल्या सीमाभागात घरोघरी देवात सापडते ती बहुतेक हीच. किंमत शेकड्यात. पण देवातली शिवराई विकायचीच कशाला, हे माझं मत.

१९११ चा रुपया मजेदार आहे. राजाच्या अंगरख्यावरच्या माळेत एक हत्ती आहे, सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेनं बोंब मारली. सरकारनं नाणी मागे घेऊन वितळवली, १९१२ पासून हत्तीची सोंड दुरुस्त केली. म्हणून १९११ चा रुपया ‘डुक्करछाप’ म्हणून शोधला जातो. पण वजन बघा: ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. नकला भरपूर आहेत. ह्यालाही चिंच लावू नका.

आणि आता महत्त्वाचं. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू. १९७२ चा कायदा आहे, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९११ चा रुपया अमेरिकेला कुरिअर करणं म्हणजे गुन्हा. कुणी दलाल "मी करतो सगळं" म्हणाला तरी नको.

खानापूरची_माई

बाई गं! बरं झालं विचारलं. आणि शेतात सापडलं तर? आमच्या वाड्याच्या मागे खणताना दरवर्षी कुणीतरी म्हणतं हंडा लागला.

टांकसाळ

हंडा लागला तर तो गावभर सांगायच्या आधी डीसी ऑफिसला सांगायचा. कायदाच आहे तसा, भूमिगत धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

अवांतर: मोगलांच्या काळात बेळगावचं नाव आझमनगर होतं. आझमनगर-गोकाक असं नाव असलेले मराठा काळातले रुपये संग्राहकांच्या याद्यांत आहेत. तेव्हा खानापूरच्या परड्यात काही निघालं तर मला आधी फोटो दाखवा, मग डीसीला. (गंमत केली. आधी डीसी.)

सागर_००७

माझ्याकडे वैष्णोदेवीचं १० रुपयांचं नाणं आहे. युट्यूबवर १० लाख सांगितले. कुणाला विकू? अर्जंट.

निपाणीची_चिमूट

मला विक. अकरा रुपये देते, वरचा एक तुझ्या नेटचा.

पुणेरी_भिंग

सागर, ते २०१२ चं, लाखोंनी काढलेलं नाणं आहे. दहा रुपयांना दहा रुपये. जिथे तुम्हाला आधी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘जीएसटी’ म्हणून पैसे भरायला सांगतात तिथून उठा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की ती जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि कुणाकडून कमिशनही मागत नाही.

कंडक्टर_मामा

माझ्या साडूनं भरले. पितळी वीस पैसे, कमळाचं, त्यात सोनं आहे म्हणून फोनवर सांगितलं. एकवीसशे भरले, मग आणखी पाच हजार मागितले तेव्हा मला फोन. त्या वीस पैशात सोनं नाही हे आम्हाला शाळेत असताना माहीत होतं, सोनारांची पोरं वितळवून बघायची. साडू बँकेतनं रिटायर झालाय, हे लिहू नका कुठं.

शहापूरचा_गल्लेवाला

मामा, लिहिलंत की तुम्हीच!

नवीन लोकांसाठी माझी रीत सांगतो. आधी लोहचुंबक फिरवायचं. रुपया-दोन रुपयांची स्टीलची नाणी चिकटून वर येतात, तांबे-निकेलची जुनी खाली राहतात. निम्मं काम तिथंच. मग सालाखालची खूण. हिरा म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ ला आणि पुन्हा सत्त्याण्णवच्या पुढं परदेशात पाडून आणलेली नाणी आहेत, त्यांच्या खुणा वेगळ्या: एमच्या डोक्यावर बारीक ओ म्हणजे मेक्सिको, एम-के म्हणजे स्लोव्हाकिया, एमएमडी म्हणजे मॉस्को. मेक्सिकोत पडलेला रुपया शहापुरात येऊन कोथिंबिरीला जातो, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

ठेवायला कागदी चौकट, मधे पारदर्शक खिडकी. ते मऊ वास येणारे प्लास्टिकचे अल्बम नकोत, दोन पावसाळ्यांत नाणं हिरवं आणि चिकट होतं. बेळगावचा पावसाळा माहीत आहे ना?

आणि शेजारी फुलवाले मामा आहेत, घरी कन्नड बोलतात, त्यांना बसवेश्वरांचे पाच हवे असतात. त्यांच्या टोपलीत महाराजांचे दोन रुपये आले की ते माझ्यासाठी बाजूला काढतात. पाचाला दोन, म्हणजे तीन रुपये मला तोटा. खरं ते सोमवारी कपिलेश्वराला हार फुकट देतात, त्यामुळं जमतंय.

पुणेरी_भिंग

मग लाखीचं काय ठरलं? माझं मत: पाठवू नका. एका नाण्याचा खर्च म्हणजे ग्रेडिंगची फी, चूक-नाणं म्हणून वेगळी फी, जाऊन-येऊन कुरिअर, विमा, सगळ्यांची नाणी एकगठ्ठा पाठवणाऱ्या व्यापाऱ्याची दलाली. ‘डिटेल्स’ आलं तर खर्चही निघणार नाही.

टांकसाळ

सहमत. कव्हर करायचं, म्हणजे ग्रेड करून डबीत बंद करून आणायचं, ते नाणं आधीच खर्चाच्या पाच-सहा पट किमतीचं असावं. गल्ल्यातलं नाणं तिथवर क्वचित जातं. ज्यांना कव्हरचा आकडाच हवा त्यांनी टांकसाळीचे न वापरलेले सेट विकत घ्यावेत, पण मग ती शोधाशोध राहत नाही.

शहापूरचा_गल्लेवाला

कळतंय. खरं मन ऐकेना. पाठवतो. मुंबईचा एक व्यापारी कोल्हापूरला प्रदर्शनाला येतो, त्याच्याकडं देतो. वजन ६.०२ भरलं, सोनारानं दोनदा करून दिलं.

शहापूरचा_गल्लेवाला (सात महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

नाणं आलं. जाताना फेब्रुवारी होती, येताना गणपती. जाड पारदर्शक डबी, सांधा कुठं दिसत नाही, खाली नंबर. तो वेबसाइटवर टाकला तर माझ्याच नाण्याचा फोटो, आईनं घासलेले ओरखडे माझ्या फोनपेक्षा स्पष्ट. लेबल: मिंट एरर, ब्रॉकेज, एयू डिटेल्स, क्लीन्ड. साल नाही.

पुणेरी, तुम्ही जे लिहिलं होतं ते अक्षर न अक्षर.

सगळा खर्च पाच हजार चारशे. त्याच व्यापाऱ्याला विचारलं, किती देता? अडीच हजार म्हणाला, आणि तेही आपली ओळख म्हणून.

निपाणीची_चिमूट

म्हणजे पार्टी नाही.

पुणेरी_भिंग

वाईट वाटून घेऊ नका. अस्सल आहे हे तरी आता कुणी नाकारणार नाही. ‘क्लीन्ड’ नसतं तर एयू ५५ सहज होतं असं मला अजूनही वाटतं. विकणार?

शहापूरचा_गल्लेवाला

नाही. परत देवघरात आहे, यल्लम्माचंच आहे म्हटल्यावर. आईनं डबी उलटी करून बघितली, नखानं कड उचकटायचा प्रयत्न केला. म्हणाली, "हे उघडायचं कुठनं? दसरा आला, घासायला नको?"

कंडक्टर_मामा

डबीला चिंच लागत नाही म्हणा. मी रविवारी शहापुरात आहे, दहाचं सरकलेलं घेऊन येतो. टांकसाळ साहेबांनी फोटो बघून काहीच कळवलं नाही.

टांकसाळ

कळवलं होतं मामा, तुम्ही अंगठा मधे धरून फोटो काढलाय. अंगठ्याचा ग्रेड देऊ?